आवाज बंद ठेवून पाहिलेला सिनेमा

—अहो घाई कसली, मावशी, बसा. ही नुसती इंटरव्हलची पहिली घंटा. इथे तीन देतात, आणि तिसरीनंतरही दारावरचा तो मिशीवाला लोकांना आत सोडतच असतो, कारण अर्धे लोक अजून चहाच्या रांगेत आणि उरलेले अर्धे बाथरूमच्या. तुम्ही बसा इथे बाकावर. रेक्झिन फाटलंय, जरा या बाजूला सरका, तिथे स्प्रिंग टोचते — मला माहितीये, सकाळपासून मी इथेच बसलो होतो. काकांचा चहा द्या माझ्याकडे, मी धरतो. काका आत एकटे आहेत? असू दे की. काका काही कुठे पळून जात नाहीत. म्हणजे — तसं नव्हतं म्हणायचं मला. दिसत नाही त्यांना म्हणून नाही म्हणालो. शेजारी ती मोठ्या पर्सवाली बाई आहे ना, ती बघेल, एवढंच. माझ्या तोंडाला लगाम नाही, घरी सगळे तेच म्हणतात, आणि घरचे बाकी शंभर गोष्टींत चूक असले तरी या एका बाबतीत बरोबर आहेत.

ओळखलं नाहीत ना? कसं ओळखाल. तुम्ही मला आज पहिल्यांदा बघताय. मी मात्र तुम्हाला वर्षभर रोज बघतोय — मी एडिटिंगचा, साहेबांचा असिस्टंट. साहेब म्हणजे आपले दिग्दर्शक, तेच, पहिल्या रांगेत काळा कोट घालून बसलेत आणि सारखे मागे वळून लोकांची तोंडं बघतायत, गिऱ्हाइकाच्या हातावर नजर ठेवणाऱ्या वाण्यासारखे. तुम्ही तिकडे शूटिंग करायचात, ते सगळं आमच्या खोलीत यायचं, आणि जोडायचो मी. त्यामुळे तुमचा डावा पाय जरा जड पडतो ते मला माहितीये. 'कट' म्हटलं की तुम्ही पहिल्यांदा चष्मा शोधता तेही. एकदा तर कॅमेरा बंद झालाय असं समजून तुम्ही त्या हिरोइनला म्हणालात, 'बाळ, भुतानं धरल्यावर माणूस इतकं छान श्वास घेत नाही.' मी किती वेळा मागे घेऊन ऐकलंय ते. आता तुम्ही हसताय. बरं वाटलं.

कसा वाटला पहिला भाग? सांगा, मी काही साहेबांच्या कानाला लागणार नाही. देखणा? हो, देखणा. सगळे तेच म्हणतायत — तो मघाशी दोन कप सांडत गेला तो पेपरवाला, तोही तेच म्हणाला, 'काय देखणं केलंय हो.' आणि आहेच, खोटं कशाला बोला. टेकडीवरचं ते घर, रंगीत काचांतून जमिनीवर पडलेला तो उजेड, मेणबत्तीचा धूर वर जाताना असा वळतो जणू कुणी बोटानं वळवलाय. तुम्ही दिवा घेऊन जिन्यावरून उतरता तो शॉट — लोकांनी श्वास रोखला होता, मी मागून बघत होतो. प्रत्येक चौकट कापून भिंतीवर टांगावी अशी. चांदीचं ताट आहे, मावशी. घासून घासून लखलखीत केलेलं चांदीचं ताट — आणि ताटात काय? ताटात काही नाही. रांगेत ती दोघं काय बोलत होती ऐकलंत ना? 'ती मुलगी कोण रे?' 'कुठली?' 'भिंतीत असते ती.' 'भूत असेल.' 'ते कळलं, पण कुणाचं?' — 'कुणाचं असायला कशाला पाहिजे, भूत आहे.' हे असं. सव्वा तास बसून माणसाला एवढंच कळतं की थंडी आहे आणि घर मोठं आहे.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या भागात कळेल. काकापण तेच म्हणत होते ना? मी ऐकलं. मी सिनेमा नाही बघितला, तो मला पाठ आहे, मी तुमच्याकडे बघत बसलो होतो. हे काही चांगलं नाही, माहितीये, चोरून बघणं. पण काकांचा आवाज तसा खालच्या पट्टीतला नाही. 'आलीस का गं?' — दर थोड्या वेळानं. आणि तुम्ही त्यांच्या कानाशी वाकून, 'आता जिन्यावर आहे. हातात दिवा आहे.' 'बोलत का नाहीस?' 'इथे बोलणं नाहीये हो.' 'मग कुठे आहे?' 'पुढे आहे. इस्त्रीच्या खोलीत.' 'हां, ते. ते येऊ दे.' — आणि मग हात मांडीवर ठेवून असे ताठ बसले, शाळेत नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरासारखे. पुढच्या रांगेतल्यानं मागे वळून 'शू' केलं. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. त्याची कशाला धरायची, खरं तर.

चहा प्या ना. गार होतोय.

मावशी, मी काय म्हणतो — काकांना इतका वेळ बसवत असेल का? म्हणजे त्यांचे गुडघे वगैरे. हॉलमधला एसीपण मेला नको इतका गार केलाय, पैसे लावणारे शेठ म्हणाले भुताचा सिनेमा आहे, थंडी वाजली पाहिजे. बाहेर उजेड आहे, हवा बरी आहे. मी रिक्षा आणून देतो दारात, पैसे कंपनी देते. सरळ घरी जा, आराम करा. सिनेमा काय, पुढे मोबाइलवर येईलच — नाही, ठीक आहे ते मोबाइलचं, पण दुसऱ्या भागात तसं काही विशेष नाहीये. धुकं आहे. खूप धुकं आहे. मग आरसा फुटतो. मग परत धुकं, आणि शेवटी घर जळतं, ते फार छान जळतं, तीन कॅमेरे लावले होते. पण आवाजाच्या दृष्टीनं म्हणाल तर — ऐकणाऱ्या माणसाला — म्हणजे काकांना त्यात तसं—

असं बघू नका ना माझ्याकडे.

नाहीये. तुमचा तो सीन नाहीये, मावशी. इस्त्रीच्या खोलीतला. अख्खा काढलाय. जिन्यावरचे दोन शॉट, खिडकीतला पाठमोरा एक, आणि शेवटी आगीत एक सावली, ती तुमची आहे असं साहेब म्हणतात, पण ती खरं तर लाइटवाल्याची आहे. बोलणं कुठेच नाही. एक शब्दसुद्धा नाही.

तुम्हाला कुणी कळवलं नाही. अर्थात नाही कळवलं. कोण कळवणार? साहेब? साहेबांनी काल मला बोलावलं आणि म्हणाले, 'ती म्हातारी नवऱ्याला घेऊन येणार आहे म्हणे. इंटरव्हलला तिला बाहेर गाठ. गप्पा मार. जमलं तर घरी पाठव. हॉलमध्ये रडारड नको, पेपरवाले आहेत.' म्हातारी म्हणाले, हो. पोस्टरवर तुमचं नाव घालताना 'ज्येष्ठ रंगकर्मी' आणि खोलीत 'म्हातारी'. स्वतः साठीला आलेत, केसांना डांबर फासून फिरतात. या मोठ्या माणसांचं मला हेच कळत नाही — आयुष्यभर आम्हाला सांगणार, मोठ्यांचा मान ठेवा, तोंडावर खरं बोलायला शिका, आणि खरं बोलायची वेळ आली की पाठवणार कुणाला? तर मला. आणि मी आलो. मी नाही म्हणालो नाही. गप्पा मारायला आलो, चहाचा कप धरायला आलो. स्प्रिंग टोचते म्हणून जागा बदलून दिली तुम्हाला. किती काळजी बघा माझी.

बसा, बसा, दुसरी घंटा आहे ती, अजून वेळ आहे. आता खरंच वेळ आहे, मघासारखं नाही सांगत. कसं झालं ते तरी ऐकून घ्या.

आमच्याकडे एक आहेत, कॅमेरावाले. आम्ही पोरं त्यांना उजेडबुवा म्हणतो. कारण प्रत्येक वाक्यात उजेड — उजेड बोलतो, उजेड रडतो, उजेडाला वय असतं. मोठा माणूस, कपाट भरून बक्षिसं, आणि साहेब त्यांच्यापुढे असे की त्यांनी 'ऊठ' म्हटलं तर उठतील आणि 'बस' म्हटलं तर खुर्ची आहे की नाही ते न बघता बसतील. तर उजेडबुवांचं एक तत्त्व. सिनेमा जोडताना आवाज बंद ठेवायचा. पूर्ण बंद. चित्र मुकं असताना कळलं नाही तर ते चित्रच नाही, म्हणे. ऐकायला किती भारी वाटतं ना? मलापण वाटलं होतं. महिनेच्या महिने आम्ही हा सिनेमा मुका बघितला. काळ्या खोलीत चार माणसं सोफ्यावर बसून मुकी चित्रं बघतायत आणि मधेच एक जण म्हणतोय, 'आहाहा, तो निळा बघ.' आणि दर वेळी बघताना जे काही दिसायला जरा कमी, ते गळायचं. हा शॉट डल आहे, काढ. इथे भिंत नागडी दिसते, काढ. त्या शॉट्समध्ये माणसं एकमेकांशी बोलत होती, मावशी, काहीतरी सांगत होती, कोण कुणाची कोण, कशासाठी आली, कशाला घाबरते. पण ऐकणार कोण? ओठ हलताना दिसायचे फक्त. कुरूप कुरूप म्हणून सगळी गोष्टच निवडून टाकली आम्ही, खडे ठेवले आणि तांदूळ फेकले — नाही, खडे तरी कसे म्हणू, हिरे ठेवले. हिरे खाऊन माणूस मरतो, एवढंच.

साहेबांना कळलं नाही का? नाही. त्यांना गोष्ट पाठ होती ना. ज्याला गोष्ट पाठ असते त्याला ती गेलेली कळत नाही. पडद्यावर नसलं तरी त्यांच्या डोक्यात चालूच. शेवटी आवाज लावून बघितला तेव्हा शेठ जरा चुळबुळले, म्हणाले, 'ती मुलगी कोण ते जरा...' तर साहेब म्हणाले, 'प्रेक्षकाला सगळं हातात द्यायचं नसतं.' झालं. शेठनी मान डोलावली. तोंडावर 'मला कळत नाही' असं म्हणायला जी हिंमत लागते ती पैसेवाल्यांकडेसुद्धा नसते.

आणि तुमचा सीन तर दिसायला फारच वाईट होता. रागावू नका, मी दिसायचं सांगतोय. त्या दिवशी जनरेटर धड चालत नव्हता, डोक्यावरचा दिवा मिचमिचत होता, तुमच्या अर्ध्या तोंडावर सावली, मागे पांढरी चादर, तीपण मळकट. कॅमेरा हलत नाही, काही नाही. एक बाई टेबलापाशी उभी राहून इस्त्री करते आणि ओठ हलवते, हलवते, हलवते. मुका बघितला तर काय दिसणार त्यात? तुम्हीच सांगा. कुणाला कसं कळणार, की ती बाई म्हणतेय, 'दार आतून वाजत होतं. पहिल्यांदा वाटलं वारा. मग वाटलं उंदीर. मग कळलं. आणि कळल्यावरही मी हातातली चादर पुरी केली. घडी घातली. दुसरी घेतली' — आणि मग तुम्ही खरंच दुसरी चादर घेता, आणि तिच्यावरून हात फिरवता, आणि म्हणता, 'पोर तशी शहाणी होती. फार वेळ वाजवलं नाही तिनं' — तिथे तुमचा आवाज फुटत नाही, काहीच होत नाही आवाजाला, नुसता जरासा कोरडा—

काय?

नाही, मी म्हणालो कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे त्यांना. खोलीतल्या लोकांना.

हो. बरोबर धरलंत. आवाज बंद होता तर मला कसं पाठ.

मला पाठ आहे, कारण जोडणी माझी होती. शूटिंगचं चित्र वेगळं येतं आणि आवाज वेगळा. तो पोरगा पाटी आपटतो ना तुमच्या नाकासमोर, ती पाटी आपटलेली दिसते आणि 'टक्' ऐकू येतं, ते एकमेकांवर बसवायचं — ते काम असिस्टंटचं. कानाला हेडफोन लावून, एकेक शॉट. ते काम दुसरं कुणी करत नाही, कमीपणाचं आहे. तेव्हा अख्ख्या खोलीत तुमचं बोलणं ऐकलेला माणूस मी एकटा. शूटिंगला साहेब मॉनिटरमध्ये उजेड बघत होते, साउंडवाला होता तो दुसऱ्या सिनेमावर निघून गेला. उरलो मी. आणि मी एकदा नाही ऐकलं. जोडून झालं तरी ऐकायचो. जेवायच्या सुट्टीत ऐकायचो. मी आपला कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस, भुताच्या सिनेमाला हसणारा, आणि भर दुपारी, खिडकी उघडी, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि माझ्या हातावर काटा. त्या सिनेमात भीती वाटावी अशी ती एकच जागा होती. बाकी नुसतं सजवलेलं होतं.

मग मी बोललो का नाही? अहो तेच तर. मी बोललो.

उजेडबुवांनी तो सीन थांबवला, म्हणाले, 'हे काय आहे? याचं काय करायचं?' साहेबांना तो नको होताच असं नाही, ते म्हणाले, 'इथे ती बरंच काही सांगते पण...' आणि मग उजेडबुवा मागे वळले. मी नेहमी मागे, वायरींच्या खोक्यावर बसायचो. वर्षभरात त्या माणसानं मला 'दिवा लाव' आणि 'दिवा घालव' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सोफ्यावर हात आपटून म्हणाले, 'ये रे, इथे बस. तू तरुण आहेस, तू सांग. तू जोडलायस ना हा. ऐकण्यासारखं आहे काही?' सरळ विचारलं. ऐकण्यासारखं आहे काही. एवढं सरळ मला आयुष्यात कुणी काही विचारलं नाही. आणि मी सोफ्यावर बसलो. गुबगुबीत होता. आणि मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं की त्यांना काय ऐकायचंय. मी म्हणालो — मी म्हणालो, 'रेंगाळतो सर. म्हातारं बोलणं आहे.'

उजेडबुवा हसले. माझ्या पाठीवर थाप मारली, 'कान आहे हां पोराला.' आणि मीच उठून कापला. बटण दाबायला किती वेळ लागतो. मग परत सोफ्यावर येऊन बसलो.

बाबांना मी तोंडावर सांगत आलोय, 'तुम्ही सगळे मानेनं हो हो करणारे, ऑफिसातल्या साहेबांपुढे वाकून वाकून तुमचे कणे गेलेत, मी तसा होणार नाही.' कॉलेज सोडलं तेही तेवढ्याच जोरात, दार आपटून. ते म्हणाले, 'तू अर्धवट आहेस, कुठलंच काही पुरं करत नाहीस.' आणि हे बघा, सोफ्याच्या एका कोपऱ्यासाठी. पाठीवर कुणीतरी एक थाप मारली, मला वाकायला एवढंच लागलं. बाबांना निदान पगार तरी मिळायचा.

मी माफी मागत नाहीये. माफी मागितली की समोरच्यानं 'जाऊ दे रे' म्हणायचं असतं, आणि तुम्ही म्हणालही, तुमच्या तोंडावरून दिसतंय, तुम्ही आत्ताच ते म्हणायच्या बेतात आहात. म्हणू नका. प्लीज. तुम्ही रागवा ना जरा.

मी कालपासून विचार करतोय काकांचं काय करायचं. झोप नाही. एक, पोटात दुखतंय सांगून त्यांना घरी न्यायचं. दोन, सांगायचं की हॉलचा स्पीकर बिघडला, नेमका तिथेच. तीन — हे मला फार हुशारीचं वाटलं होतं — की तुम्ही त्यांच्या कानात हळूच तेच बोलायचं, आणि म्हणायचं पडद्यावर चाललंय. हं, बघा, आता रागावलात. बरोबर आहे. ते काय कुकुलं बाळ आहेत का. आणि तुम्ही ते बोलणं घरी पाठ करत होतात तेव्हा समोर कोण बसायचं? तेच ना? मघाशी तुम्ही त्या पर्सवाल्या बाईला सांगत होतात, मी ऐकलं तेपण — नाटक कंपनीत ते विंगेतून वाक्यं सांगायचे, सगळ्यांची सगळी वाक्यं त्यांना तोंडपाठ, आणि तुम्ही कधीच अडायचा नाहीत म्हणून तुमच्याच प्रवेशाला त्यांना काम नसायचं, म्हणून त्या प्रवेशाला ते नुसते ऐकत बसायचे. अशा माणसाला कोण फसवणार? मी? तुमचा आवाज स्पीकरमधून येतोय की शेजारच्या खुर्चीतून, हे त्यांना कळणार नाही?

मग कळू दे ना.

थांबा. थांबा, उठू नका, जरा मला हे नीट — तुम्हाला ते अजून पाठ आहे ना? मान हलवताय. आहेच. बरं, आता ऐका. तो सीन आम्ही काढला, पण संगीत त्याच्या आधीच रेकॉर्ड झालं होतं. लांबलचक, एकसंध, तुमच्या सीनच्या आधीपासून सुरू होऊन नंतरपर्यंत. सीन गेला आणि संगीत उरलं. संगीतकार म्हणाला, मी आता एक सूर बदलणार नाही, माझं भांडण झालंय तुमच्याशी. मग भोक बुजवायचं कशानं? तर धुकं. सकाळी सकाळी सहज घेऊन ठेवलेले धुक्याचे शॉट पडले होते, ते मी भरले. मापात भरले. जेवढं तुमचं बोलणं, तेवढंच धुकं — एक फ्रेम कमी नाही, जास्त नाही. आणि साहेब काय म्हणाले माहितीये? 'हा या सिनेमाचा आत्मा आहे.' कालच्या मुलाखतीतपण म्हणाले. त्या आत्म्याच्या जागी तुम्ही होतात.

तर तेवढी जागा तिथे आहे. अजून आहे. आरसा फुटतो, तो काकांनापण ऐकू येईल, मोठ्यानं फुटतो. मग हिरोइन जिना उतरते, तिच्या पावलांचा आवाज. पावलं थांबली की धुकं सुरू. पडद्यावर कुणी नाही, कुणी बोलत नाही, नुसतं संगीत. आणि संगीत माझ्याकडे आहे. आज पहिला खेळ म्हणून इंटरव्हलनंतर वर केबिनमध्ये आवाजाच्या बटणावर साहेबांनी मला बसवलंय, घरचा माणूस म्हणून. पावलं थांबली की मी ते खाली घेईन. कमी नाही करणार, पुरतं खाली. काहीच उरणार नाही हॉलमध्ये. एसी ऐकू येईल.

साहेब धावत वर येतील, हो. केबिनचं दार आतून लागतं. आतून लावलेल्या दारावर किती वेळ वाजवायचं ते त्यांचं ते ठरवतील. माझं काम जाईल, त्यात काय, मला काही पुरं करायची सवयच नाही. नाही, चेष्टा नाही करत. भीती वाटतेय. पण तुम्ही ते बघू नका. माझ्यासाठी करा असंही नाही म्हणत मी. तुम्हाला लोकांत असं उभं राहणं नको वाटलं तर नका बोलू, तो तुमचा प्रश्न, मी चार मिनिटं शांतता देईन आणि लोक समजतील मशीन बिघडलं. तेपण चालेल. मी फक्त जागा मोकळी करतोय. बाकी तुम्ही, काका, आणि ती चादर.

काय म्हणालात? — पुरेल. मापातच आहे म्हणालो ना. शेवटच्या वाक्यानंतर तुम्ही थोडं थांबला होतात, तेवढंसुद्धा धरलंय त्यात.

ही तिसरी घंटा. घ्या हा कप, गार झालाय, सांगा काकांना रांग मोठी होती — नाही. नका सांगू. खरं काय ते सांगा, माझं नाव घालून सांगा. तो मिशीवाला दार ओढतोय बघा, अहो दादा, थांबा जरा, या आत जातायत, यांचं काम आहे आत. जा, मावशी. मीपण जातो वर. आणि हळू नका बोलू.